उधारीचे पान: ठेवावे की मिटवावे?

आमच्याकडची तरुण मंडळी अधूनमधून विचारतात, "दोन-तीन क्रेडिट कार्डं नुसती पडून आहेत. ठेवू की बंद करू?" प्रश्न आजचा वाटतो, पण मूळ जुने आहे. आपल्या नावाचे पान दुसऱ्याच्या वहीत असते. ते आपल्याला पाहता येते का, आणि मिटवता येते का, हा झगडा महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी झालेला आहे.

मालवणकडे एकेकाळी कितीतरी घरे मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायची. ती येईपर्यंत तांदूळ, गूळ, रॉकेल दुकानदाराच्या वहीवर. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी डोक्यावर आणि उधारीची वही गल्ल्यात! बाकी चुकती झाली तरी पान तसेच राही. पुढच्या अडचणीला तेच पान 'पत' म्हणून कामी येई. तिथे दुकानदार आणि गिऱ्हाईक एकाच वाडीतले, म्हणून निभावले.

घाटावर मात्र वेगळे घडले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत ३ वर्षे ठरवली. हेतू चांगला, ऋणकोवर व्याज साचत जाऊ नये हा. पण सावकार दर ३ वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. कुळाला वाचता येत नसे, दिलेल्या पैशाची पावती मिळत नसे. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांकडे वह्या-रोखे मागितले आणि त्यांची होळी केली. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. लक्षात घ्या, रोष मुख्यतः कागदावर होता! खाते मिटवायचा दुसरा मार्गच त्यांना दिसत नव्हता.

त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांपुरता होता. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला. शेतकऱ्याला पावती आणि हिशेबाचा उतारा मागता येऊ लागला. शाळेत आपण सगळे 'दख्खनचे दंगे' शिकतो, पण या पावतीकडे फारसे लक्ष जात नाही. मला तीच मोठी वाटते.

आता कार्डाकडे येऊ. १९५८ मध्ये अमेरिकेत फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने सुमारे ६०,००० कार्डे कुणी न मागता टपालाने पाठवली. म्हणजे पान आधी उघडले, गिऱ्हाईक नंतर! आपल्याकडे सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये 'सेंट्रलकार्ड' काढले. २००० साली सिबिल स्थापन झाली आणि सगळ्या बँकांच्या वह्या जणू एका ठिकाणी जुळल्या.

ही नवी वही मात्र आपल्याला पाहता येते. २०१७ पासून सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे बाकी नसेल तर बँकेने अर्जानंतर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे, नाहीतर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बँक कळवून, ३० दिवसांत उत्तर न आल्यास, स्वतः बंद करू शकते.

मग ठेवावे की मिटवावे? वार्षिक शुल्क नसलेले सर्वांत जुने कार्ड ठेवावे. जुने, नीट फेडलेले पान पत वाढवते. वर्षातून दोन-चारदा वापरावे, बिल पूर्ण भरावे. शुल्क खाणारी आणि जुन्या मोबाईल नंबरला जोडलेली पडीक कार्डे बंद करावीत; त्यांवर कुणी गैरव्यवहार केला तर आपल्याला कळणारही नाही. पण एक हिशेब करा. ५०,००० मर्यादेची दोन कार्डे आहेत आणि खर्च २०,००० असेल, तर वापर २० टक्के. एक बंद केले की तोच खर्च ४० टक्के दिसतो. म्हणून घरकर्ज काढायचे असेल तर आधी ते होऊ द्यावे.

बंद करताना कार्डावरून आपोआप जाणारी बिले दुसरीकडे वळवा, बाकी शून्य करा, बंद केल्याचे लेखी घ्या, आणि दोनेक महिन्यांनी अहवालात ते 'बंद' दिसते का पाहा. कात्रीने कार्ड कापले म्हणजे खाते मिटले असे नाही. तो लेखी कागद जपून ठेवा. सुप्याच्या शेतकऱ्यांना तेवढाच हवा होता.