न भाजलेली माती आणि इतिहासाचा पुरावा : वऱ्हाडातील मृत्तिकाशिल्पाचा एक विचार

मृत्तिकाशिल्पाचा इतिहास प्रायः भाजलेल्या मूर्तींपासून सुरू केला जातो. तेर, भोकरदन येथील सातवाहनकालीन मृण्मूर्ती भट्टीतून निघाल्या म्हणूनच टिकल्या. न भाजलेली मूर्ती पाण्यात विरघळते. उत्खननात ती सहसा हाती लागत नाही. पुरावा नाही, म्हणजे परंपराही नाही, असा निष्कर्ष मग नकळत काढला जातो. प्रस्तुत निबंधात अमरावती-अकोला परिसराच्या संदर्भात हा निष्कर्ष तपासावयाचा आहे.

वऱ्हाडच्या काळ्या मातीविषयीचे लेखन प्रामुख्याने कापसाच्या अंगाने झालेले आहे. १८५३ मध्ये प्रांताचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात येथील कापसाची मागणी वाढली, ही हकीकत सर्वपरिचित आहे. परंतु ही माती ओली होता फुगते, वाळता आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. मूर्तीतही हाच दोष उतरतो. प्रस्तुत लेखकाने नुसती काळी माती मळून केलेला पहिला बैल उन्हात वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचे चारही पाय धडापासून सुटलेले होते! मातीत कापूस, भुसा किंवा कागदाचा लगदा मिसळावा, जाड भाग आतून पोकळ ठेवावा, सांधा ओरखडून त्याला पातळ चिखल लावावा आणि मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी, हा यावरील उपाय. तंतू आकुंचनाचा ताण वाटून घेतात. आज दुकानात पाकिटातून मिळणाऱ्या, हवेत वाळणाऱ्या मातीच्या काही प्रकारांतही कागदाचे तंतू असतात. तत्त्व तेच आहे.

हे तत्त्व जुने आहे. वत्सगुल्म म्हणजे वाशीम (१९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातील) येथील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करविले. अजिंठ्याच्या चित्रांखालील मातीचा गिलावा न भाजलेलाच असून त्यात भुसा व वनस्पतिजन्य तंतू आढळतात. अर्थात गिलावा म्हणजे मूर्ती नव्हे, आणि त्या कारागिरांपासून आजच्या कुंभारापर्यंत सरळ वंशरेषा ओढणे अतिरेकाचे होईल. तंत्राचे ज्ञान या परिसराला अपरिचित नव्हते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

दुसरा पुरावा सणांचा. पोळ्याला ज्यांच्या दारी बैलजोडी नाही ते मातीचे बैल पूजतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्तींपुढे गाणी म्हणतात. विसर्जित झालेली मूर्ती पुढल्या वर्षी पुन्हा घडवावी लागते. त्यामुळे वस्तू नष्ट झाली तरी कृती टिकते. साच्यातील प्लास्टरच्या मूर्ती आल्या की तुटते ती ही कृतीच.

कोणत्या नाल्याची माती, तंतूंचे प्रमाण किती, सावलीत किती दिवस, हे सारे मूर्ती घडविणाऱ्या घरांत तोंडी सांगितले जाते. आमच्या क्षेत्रभेटीच्या नोंदवहीत मंदिरे, शिलालेख आणि नाणी यांसाठी रकाने आहेत, मातीसाठी नाही.