उस्तवारीची नोंद

न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यातील कार्यकर्त्यांची दमछाक पाहून हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली 'बर्नआउट' ही संज्ञा मानसशास्त्रीय लेखनात आणली. घराबाहेरच्या कामाकडे पाहून ती घडली होती. मराठीत ज्याला आपण 'उस्तवार' किंवा 'दुखणे काढणे' म्हणतो, त्या घरातल्या कामाचा शीण तिच्या कक्षेत मुळात नव्हता. आपल्या 'सेवा' या शब्दात तरी तो कुठे आहे? सेवा करणारी थकत नाही, असे आपण (आणि आपल्या वाङ्मयाने) गृहीतच धरले.

धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासात हे गृहीत तपासून पाहता येते. १९८७ साली शेजारच्या बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. या जिल्ह्यातील भूम व परंडा हे तालुकेही तिच्यात होते. पुढे १९९९ मध्ये टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया या अभ्यासात होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न देता नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडलेल्या गटात ६४. त्या गटाला तपासणीविना ठेवणे नैतिक होते का, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

त्या वादात बोलले गेले ते रुग्णांविषयी. परंतु हा आजार शेवटच्या टप्प्यात रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव आणि असह्य वेदना घेऊन येतो. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या मुलखात रोजची लुगडी-गोधड्या धुणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. ते काम बहुधा सुनेकडे वा लेकीकडे येते, शेतातली मजुरी सांभाळून. वेदनाशामक मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या परवान्यांत अडकलेले. ती अट सैल झाली २०१४ च्या दुरुस्तीने. तोवर कण्हणे ऐकत रात्र काढणे हाच उस्तवारीचा मोठा भाग होता.

सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स उभारले, तेव्हा रुग्णाबरोबर कुटुंबही शुश्रूषेच्या कक्षेत घेतले. मुंबईत शांती अवेदना सदन १९८६ साली आले. परंड्याहून मुंबई फार लांब.

त्या वेळच्या तरुण सुना आज पन्नाशी-साठीत असतील. मौखिक इतिहासाचे प्रकल्प देताना आपण विद्यार्थ्यांना जात्यावरच्या ओव्या गोळा करायला पाठवतो. त्याच उंबऱ्यावर हाही प्रश्न विचारता येईल.