पाण्यातील क्रोमियमचे रंगमापन
क्रोमियम पाण्यात मुख्यतः त्रिसंयुजी व षट्संयुजी रूपांत आढळते. षट्संयुजी रूप अधिक विषारी असते. बोथसारख्या (जि. आदिलाबाद) ठिकाणी विहिरीचे वा बोअरचे पाणी नितळ असले, तरी तेवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाही, अल्प प्रमाणातील क्रोमियम डोळ्यांना दिसत नाही. आम्लयुक्त नमुन्यात डायफिनाइलकार्बाझाइड मिसळल्यास षट्संयुजी क्रोमियममुळे जांभळट लाल रंग येतो. ५४० नॅनोमीटर तरंगलांबीवर त्याची तीव्रता मोजून व ज्ञात द्रावणांशी ताडून प्रमाण ठरवितात. त्रिसंयुजी रूप मात्र आधी ऑक्सिडीकरण केल्याशिवाय या चाचणीत दिसत नाही. भारतीय मानकाची (आयएस १०५०० : २०१२) लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा एकूण क्रोमियमसाठी आहे. म्हणून अहवालातील आकडा कोणत्या रूपाचा, हे प्रथम पाहावे.