गीतरामायणाचा तिसरा संच

३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीला, भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १७९ पानांचे, खिशात मावेल एवढे एक मराठी पुस्तक काढले. किंमत दोन रुपये. ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतरामायणा’ची ही पहिली पुस्तकरूप आवृत्ती. पुढे १९६५ साली एच.एम.व्ही.ने त्याच छप्पन्न गीतांचा दहा एल.पी. तबकड्यांचा संच बाजारात आणला. त्यात पहिल्या गीतापासून शेवटच्या गीतापर्यंत आवाज एकच, सुधीर फडके यांचा.

आज मराठी घरात ‘गीतरामायण’ म्हटले की कानात वाजते ते या तबकड्यांवरचे. कॅसेट आल्या, सीडी आल्या, तरी मनातला आवाज तोच राहिला. पुस्तकाने शब्द आणि क्रम पक्का केला, तबकड्यांनी आवाज पक्का केला. पण १९५५-५६ मध्ये पुणेकरांनी रेडिओवर वर्षभर जे ऐकले ते या दोन्हींहून वेगळे होते. ते आज एका जागी, एका तिसऱ्या संचात, क्रमाने मांडायचे तर कसे मांडावे, हा या लेखाचा विषय आहे.

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. मनोरंजनही होईल आणि मनावर संस्कारही होईल अशी एक वर्षभराची मालिका करावी, हा विचार केंद्रावरच्या सीताकांत लाड यांचा. त्यांनी तो माडगूळकरांपुढे ठेवला. संगीत फडक्यांकडे आले. दोघांचाही जन्म १९१९चा, म्हणजे काम हाती घेतले तेव्हा दोघेही पस्तिशीत होते. माडगूळकर पुण्यात, फडके मुंबईत. पुण्याच्या बुधवार पेठेला मात्र फडके यांचे नाव नवे नव्हते. १९४६च्या ‘गोकुळ’ या प्रभातच्या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले होते, आणि अप्पा बळवंत चौकाजवळचे प्रभात टॉकीज तर पेठेतच उभे होते.

नवे गीत शुक्रवारी सकाळी ८.४५ ते ९ या वेळात लागे. तेच पुन्हा शनिवारी आणि रविवारी. तेव्हा रेडिओ घरोघरी नव्हता, शिवाय त्याला परवाना लागे. वाड्यात एकाकडे संच असला की बाकीची बिऱ्हाडे त्याच्या ओसरीवर जमत. रेडिओला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई, अशा आठवणी त्या पिढीने वारंवार सांगितल्या आहेत. गीताच्या शब्दांना एवढी मागणी झाली की पुण्याची दैनिके प्रसारणानंतर ते छापू लागली. आपल्या कामासाठी हा तपशील मोलाचा आहे. पुस्तक निघण्याच्या आधीच, आठवड्यामागून आठवडे, कागदावर एक समांतर नोंद तयार होत होती. पुढे गीतरामायणाची भाषांतरे झाली, ब्रेलमध्येही ते उतरले, आणि या साऱ्यामुळे शब्दांचा पाया भक्कम राहिला.

आता तारखा. पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी लागले. तो शुक्रवार होता आणि त्याच दिवशी रामनवमी होती. मुळात बेत बावन्न आठवड्यांचा. पण शके १८७७ मध्ये अधिक भाद्रपद आला, रामनवमी ते रामनवमी हे अंतर तेरा चांद्रमासांचे झाले, आणि चार गीते वाढून छप्पन्न झाली. समाप्तीची तारीख सर्वत्र १९ एप्रिल १९५६ अशी दिली जाते. पंचांग काढले तर त्या दिवशी रामनवमी आहे खरी. दिनदर्शिका काढली तर तो गुरुवार आहे. १ एप्रिल १९५५ पासून एकही शुक्रवार न चुकवता मोजले, तर पंचावन्नावा शुक्रवार १३ एप्रिल १९५६ला येतो आणि छप्पन्नावा २० एप्रिलला. म्हणजे १९ तारीख बरोबर असेल, तर शेवटच्या गीतासाठी शुक्रवारचा नेम मोडून ते रामनवमीला लावले गेले असले पाहिजे. मला हेच संभवनीय वाटते. ज्या मालिकेची सुरुवात मुद्दाम रामनवमीला झाली, ती रामनवमी उलटून गेल्यावर दुसऱ्या दिवशी संपवणे कोणत्याच मराठी माणसाला रुचले नसते. तरी हे अनुमान आहे, आणि नव्या संचाच्या वेष्टनावर ते अनुमान म्हणूनच छापावे लागेल.

खरा प्रश्न आवाजांचा. प्रसारणात पात्रागणिक आवाज होता. राम स्वतः फडके. कौसल्या ललिता फडके. विश्वामित्र राम फाटक. लक्ष्मण सुरेश हळदणकर. कैकेयीवर संतापलेला भरत वसंतराव देशपांडे यांनी गायला. तो संताप ज्याने त्यांच्या तानेतून ऐकला आहे, त्याला तबकडीवरचा भरत फार संयमी वाटेल. सीतेची बहुतेक गीते माणिक वर्मांकडे. अहल्या आणि शबरी या दोघी मालती पांडे यांच्या आवाजात. दगड होऊन पडलेली एक आणि बोरे घेऊन बसलेली दुसरी. रामाची वाट पाहणाऱ्या या दोन स्त्रियांना एकच कंठ मिळाला. हे ठरवून झाले असो वा सोयीने, दोन्ही गीते लागोपाठ ऐकली की त्यांच्यातले नाते लपत नाही. शिवाय व्ही. एल. इनामदार, योगिनी जोगळेकर, बबनराव नावडीकर, चंद्रकांत गोखले ही मंडळी होती, समूहगीते होती. व्हायोलिनवर प्रभाकर जोग होते.

हे सगळे आवाज तबकड्यांच्या संचात एका आवाजात मिसळले. स्त्रीच्या पट्टीत बसलेली चाल पुरुषाच्या पट्टीत आली. नाट्य होते, त्याचे निवेदन झाले.

परदेशात अशा प्रसंगी रसिकांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतल्या ‘बीच बॉइज’ या वाद्यवृंदाने १९६६-६७ मध्ये ‘स्माइल’ नावाच्या संचासाठी ढीगभर ध्वनिमुद्रण केले आणि तो संच अर्धवट सोडला. बाहेर झिरपलेले तुकडे गोळा करून चाहत्यांनी चाळीसेक वर्षे आपापले ‘स्माइल’ जोडले. अखेर २०११ साली कंपनीने मूळ ध्वनिफितींवरून अधिकृत संच काढला. बीटल्सचा १९७० सालचा ‘लेट इट बी’ असाच २००३ मध्ये, वरचा साज उतरवून, पुन्हा बाहेर आला. उरलेल्या, बाजूला पडलेल्या मुद्रणांतून ‘असाही संच होऊ शकला असता’ असे जुळवणे हा तिथे एक अभ्यासच झाला आहे.

गीतरामायणाचे प्रकरण त्याहून सोपे आहे आणि अवघडही. सोपे, कारण क्रम वादातीत आहे, कथा वाल्मीकींची आहे आणि पुस्तक हाताशी आहे. मूळ प्रसारणातली कित्येक गीते त्या त्या गायकांच्या आवाजात आजही ऐकायला मिळतात. अवघड अशासाठी, की मोह फार आहेत. पहिला मोह, जिथे मूळ आवाज मिळत नाही तिथे तबकडीवरचे फडके घालून भोक बुजवण्याचा. ते करायला हरकत नाही, पण त्या गीतापुढे ‘१९६५ची तबकडी’ असे ठळक लिहिले पाहिजे. दुसरा मोह, नंतरच्या एखाद्या मैफलीतले किंवा दुसऱ्याच गायकाचे गोड मुद्रण मूळ म्हणून खपवण्याचा. तिसरा सर्वांत वाईट. आवाजातली खरखर काढता काढता यंत्राच्या मदतीने आवाजच नवा घडवण्याचा. तसला संच कानाला कितीही गोड लागला, तरी तो १९५५ सालचा पुरावा राहत नाही.

आणि एक जागा अशी आहे की ती कोणत्याही उपायाने भरता येणार नाही. पहिल्या गीताबद्दल एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला. प्रसारणाची वेळ तोंडावर आली. माडगूळकर चिडले, पुन्हा लिहायला तयार होईनात. तेव्हा लाडांनी त्यांना कागद-लेखणीसह एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि पंधराएक मिनिटांत त्यांनी गीत नव्याने लिहून दिले. हकीकत खरी धरली तर लव-कुशांच्या रामायणगानाचे जे गीत आपण पाठ म्हणतो ती दुसरी आवृत्ती आहे. पहिली कशी होती? दुसरी स्मरणावरून लिहिली म्हणजे पुष्कळसे तेच शब्द आले असतील, असे म्हणायचा मोह होतो. पण कविता आठवून लिहिणारा कवी ती लिहिताना सुधारतोही. इतिहासाने इथे हात आवरावा. नव्या संचात या जागी दोन ओळींची टीप यावी, एवढेच योग्य.

दुसरी एक जागा याच्या उलट आहे. तिथे आवाज आहे आणि तो चकित करतो. सीतात्यागाचे गीत, लक्ष्मणाला विचारलेला सीतेचा शेवटचा प्रश्न, प्रसारणात लता मंगेशकरांनी गायला. श्रोत्यांनी त्याआधी महिनोन् महिने सीतेला माणिक वर्मांच्या आवाजात ओळखले होते. स्वयंवरानंतर वनात जायला निघालेली, मृग मागणारी, अशोकवनात रावणाला तोंड देणारी ती सीता. आणि अगदी शेवटी, अरण्यात एकटी सोडल्यावर, तिचा आवाजच बदलतो. संच लावणाऱ्याला वाटेल की सीता एकसंध राहावी म्हणून ही जागा सारखी करून घ्यावी. मी म्हणेन, मुळीच नको. ही विसंगती मूळची आहे, १९५६ सालच्या श्रोत्याने ती ऐकली आहे. शिवाय तिचा परिणामही विलक्षण होतो. गीते लागोपाठ ऐकली की असे वाटते, जिला आपण ओळखत होतो ती सीता अयोध्येतच मागे राहिली आणि अरण्यात बोलते आहे ती कोणी दुसरीच.

मग फडके यांचा संच कमी प्रतीचा का? तसे मला वाटत नाही. एकाच माणसाने उभे राहून राम, कैकेयी, रावण, शबरी सगळे व्हायचे, ही आपल्या कीर्तनाची रीत आहे, आणि बुधवार पेठेतल्या देवळांनी ती पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे. फडके यांनी नेमके हेच केले. चालीला जन्म दिला त्यानेच ती सगळ्यांच्या वतीने सांगितली. आक्षेप आहे तो एवढाच की त्या संचालाच आपण मूळ मानून बसलो. तो कीर्तन होता. प्रसारण नाटक होते. दोन्ही राहिली पाहिजेत.

प्रसारणाची आणखी एक गोष्ट कोणत्याच संचात येत नाही, ती म्हणजे मधले दिवस. राम वनवासाला निघाला की पुढचा शुक्रवार येईपर्यंत वाड्यातली माणसे त्यावर बोलत राहिली. दहा तबकड्यांच्या वीस बाजू म्हणजे एका बाजूला सरासरी तीनहून थोडी कमी गीते. वनवास, भरतभेट, शूर्पणखा तासाभरात मागे पडतात. म्हणून माझी सूचना अशी की हा तिसरा संच कधी निघालाच, तर प्रत्येक गीतापुढे प्रसारणाची तारीख आणि वार छापावा. ऐकणाऱ्याला हवे तर त्याने एका शुक्रवारी एकच गीत ऐकावे.

कागदपत्रे आहेत कुठे? आकाशवाणीचा संग्रह हा मुख्य. दैनिकांच्या फायली ग्रंथालयांतून आहेत. बुधवार पेठेतलेच पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे आहे. पण माझी आशा घरांवर अधिक आहे. पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपासच्या दुकानांतून रेडिओ घेणाऱ्या पिढीने दर आठवड्याला गीत वहीत उतरवून घेतले, कात्रणे चिकटवली, पुढे टेपरेकॉर्डर आल्यावर पुनःप्रसारण फितीवर घेतले. अशी एखादी वही, ज्यात गीताखाली तारीख आणि गायकाचे नाव लिहिले आहे, ती संशोधकाला छापील पुस्तकाहून अधिक काही सांगेल, कारण ती ऐकता ऐकता लिहिलेली असते.

पेठेतले वाडे आज एकामागून एक पाडले जात आहेत. माळे रिकामे होतात, रद्दी अप्पा बळवंत चौकात किंवा त्याहून पुढे जाते. पेठेतला बुधवार वाडा १८७९ साली जळाला तेव्हा आग लागली होती म्हणून तरी कळले. माळ्यावरची वही रद्दीत गेली तर कोणाला कळतही नाही. आपल्या घरात गीतरामायणाची वही, १९५५-५६ची कात्रणे, फिरकीची फीत किंवा ते दोन रुपयांचे पुस्तक असेल, तर टाकण्याआधी त्यावर घराचे नाव, वर्ष आणि ती कोणाच्या हातची आहे हे लिहावे, आणि ते जवळच्या ग्रंथालयाला किंवा आकाशवाणीला द्यावे. फीत घरच्या यंत्रावर लावून पाहू नये. जुनी फीत पहिल्याच फेरीत तुटू शकते, आणि तिच्यावर काय आहे ते जाणत्या माणसाने एकदाच, नीट, उतरवून घ्यायचे असते.