जलविरोधी गटयुक्त जलविद्राव्य बहुवारिके : एका संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
जलविद्राव्य बहुवारिकाच्या साखळीला जलविरोधी गट जोडले असता ते गट पाणी टाळून परस्परांजवळ येतात. या साहचर्यामुळे द्रावणाची श्यानता वाढते, असे सामान्यतः शिकविले जाते. तथापि, याच साहचर्याची आरंभीची नोंद श्यानता घटविणारी प्रक्रिया म्हणून झाली होती. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

दोन परंपरा :
१९१३ मध्ये जे. डब्ल्यू. मॅकबेन यांनी साबणाचे कण द्रावणात समूहरूपाने राहतात, अशी कल्पना मांडली. हे समूह 'मायसेल' या नावाने ओळखले जातात. उलट, १९२० मध्ये हर्मान श्टाउडिंगर यांनी बहुवारिके म्हणजे लहान रेणूंचे सैल समूह नसून सहसंयुज बंधांनी जोडलेल्या दीर्घ साखळ्या होत, असे प्रतिपादन केले. एका परंपरेचा पाया समूहावर, तर दुसरीचा समूह नाकारण्यावर उभा होता.

परंपरांचा संगम :
१९५१ मध्ये उलरिच स्ट्रॉस व जॅक्सन यांनी पॉलिव्हिनिल पिरिडीनला बारा कार्बनांच्या शृंखला जोडून 'पॉलिसोप' तयार केले. गट दाट असल्याने साखळी स्वतःमध्येच आकसत असे. परिणामी श्यानता अल्प राही. १९५९ मध्ये वॉल्टर कौझमन यांनी प्रथिनांच्या घडणीत जलविरोधी आकर्षणाचे महत्त्व विशद केले. १९८२ मध्ये लँडॉल यांनी हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोजवर दीर्घ अल्किल गट अत्यल्प प्रमाणात बसविले. हे विरळ गट शेजारच्या साखळ्यांतील गटांशी जुळले, जाळे निर्माण झाले आणि श्यानता कित्येक पटींनी वाढली. गटांचे प्रमाण फार वाढविल्यास मात्र बहुवारिक पाण्यात विरघळेनासे होते.

या जाळ्याचे दुवे तात्पुरते असतात. ब्रश फिरताच ते सुटतात व रंग सहज पसरतो. ब्रश थांबताच ते पुन्हा जुळतात व रंग ओघळत नाही. विद्युत्भारित बहुवारिकांची श्यानता क्षारांमुळे घटते. जलविरोधी साहचर्य मात्र क्षारांमुळे दुबळे होत नाही. म्हणूनच खनिज तेलाच्या अधिक उत्खननासाठी या बहुवारिकांचा विचार झाला. १९९२ मध्ये तानाका व एडवर्ड्स यांनी अशा क्षणिक जाळ्याचा सिद्धांत मांडला.

निष्कर्ष :
१९५१ व १९८२ या दोन टप्प्यांवरील आकर्षण एकच होते. भिन्नता होती ती गटांच्या प्रमाणात व मांडणीत. केवळ अंतिम निष्कर्ष शिकविल्यास हा कार्यकारणभाव विद्यार्थ्याच्या दृष्टीआड होतो. शिवाय साबण, प्रथिने व रंग या वेगळ्या मानल्या गेलेल्या अभ्यासक्षेत्रांतील ऋणानुबंधही अज्ञात राहतो. म्हणून या विषयाच्या अध्यापनात त्याच्या इतिहासास स्थान देणे अगत्याचे ठरते.