मॅक पत्त्यावरून आयपी पत्ता: उलट दिशेचा शोध

कार्यालयात नवा प्रिंटर येतो. मागच्या चिकटपट्टीवर त्याचा मॅक पत्ता छापलेला असतो, केबल जोडलेली असते, स्विचवरचा दिवाही लुकलुकत असतो. मात्र संगणकावर प्रिंटर बसवायला घेतला की तिथे आयपी पत्ता मागितला जातो, आणि तो त्या चिकटपट्टीवर नसतो, असूही शकत नाही. एक पत्ता हातात आहे तर दुसरा त्यावरून काढता येईल असे सहज वाटते. येत नाही. त्याचे कारण समजले की शोधायचे कुठे, हेही आपोआप समजते.

मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो. पहिली २४ बिटे आयट्रिपलई ही संस्था उत्पादकाला नेमून देते, उरलेली २४ उत्पादक आपल्या प्रत्येक नगाला देतो. आयपी पत्ता (जुन्या, चौथ्या आवृत्तीचा) ३२ बिटांचा असतो आणि तो यंत्र ज्या नेटवर्कात आहे त्यावरून ठरतो. तोच प्रिंटर दुसऱ्या मजल्यावरच्या वेगळ्या नेटवर्कात नेला तर मॅक तसाच राहील, आयपी बदलेल. म्हणजे या दोहोंत गणिताचे कोणतेही नाते नाही. कोणीतरी, केव्हातरी ही जोडी पाहिलेली असते आणि कुठेतरी नोंदलेली असते, एवढेच. म्हणून खरा प्रश्न असा असतो: ही जोडी कोणी पाहिली, आणि ती नोंद किती जुनी आहे?

जोडी पाहण्याची रीत १९८२च्या नोव्हेंबरमध्ये डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ या दस्तऐवजात मांडली. तिचे नाव एआरपी. तिचा निरोप इथरनेटवर अवघा २८ बाईटांचा असतो. पहिल्या ८ बाईटांत जाळ्याचा प्रकार, पत्त्यांची लांबी आणि हा प्रश्न आहे की उत्तर याची खूण. पुढच्या २० बाईटांत चार रकाने: विचारणाऱ्याचा मॅक, विचारणाऱ्याचा आयपी, समोरच्याचा मॅक, समोरच्याचा आयपी. प्रश्न पाठवताना यातला तिसरा रकाना कोरा असतो, कारण तोच तर हवा असतो. हा निरोप नेटवर्कातल्या सर्वांना जातो आणि ज्याचा आयपी चौथ्या रकान्यात आहे तो एकटा उत्तर देतो.

मग तिसरा रकाना भरून चौथा कोरा पाठवला तर? कल्पना सुचण्यासारखी आहे, पण प्लमर यांनी घालून दिलेल्या क्रमात ती बसत नाही. निरोप मिळालेले यंत्र उत्तर द्यायचे का हे ठरवताना एवढेच तपासते, की चौथ्या रकान्यातला आयपी माझा आहे का? नसेल तर काम तिथेच संपते. तिसऱ्या रकान्यात त्याचाच मॅक असला तरी त्याला देणेघेणे नसते. मला या रचनेतली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. विचारणारा स्वतःचे दोन्ही पत्ते प्रश्नातच सांगून टाकतो, आणि ज्याला विचारले तो उत्तर देण्याआधी ती जोडी आपल्या तक्त्यात लिहून घेतो. आज विचारणाऱ्याला उद्या उत्तर पाठवावे लागणारच, हा हिशेब त्यामागे आहे. त्यामुळे ज्या यंत्राशी सगळे बोलतात त्याच्या, म्हणजे बहुधा राउटरच्या, तक्त्यात सर्वांच्या जोड्या आपोआप गोळा होतात.

उलट प्रश्नासाठी वेगळी रीतही निघाली होती. १९८४च्या जूनमध्ये आरएफसी ९०३ मधून आरएआरपी आली. पण तिथे यंत्र दुसऱ्याचा नव्हे, स्वतःचा पत्ता विचारते. डिस्क नसलेल्या संगणकांना सुरू होताना स्वतःचा आयपी ठाऊक नसायचा; ते मॅक सांगून विचारत आणि सर्व्हर हाताने भरलेल्या तक्त्यातून उत्तर देई. हा निरोप राउटरपलीकडे जात नसल्याने प्रत्येक नेटवर्कात असा सर्व्हर ठेवावा लागे, आणि मिळे तो फक्त पत्ता. १९८५ मध्ये बूटपी आणि १९९३ मध्ये डीएचसीपी आल्यावर आरएआरपी मागे पडली. फ्रेम रिले या वेगळ्या प्रकारच्या नेटवर्कासाठी १९९२ मध्ये आलेली इनएआरपी मात्र खरोखर समोरच्याचा आयपी विचारते. परंतु कार्यालयातल्या इथरनेटवर तिच्या भरवशावर काम करता येत नाही.

मॅकच्या क्रमाने नोंदी ठेवणारी वही आज बहुतेक ठिकाणी यंत्रांना आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडे असते, म्हणून पहिला शोध तिथे. घरात हे काम राउटरच करतो. त्याच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. चिकटपट्टीवरचा मॅक ४६:५३:२१ ने संपत असेल तर यादीत तो शेवट शोधावा, समोरच १९२.१६८.१.३७ असा काहीतरी आयपी दिसतो. पण ज्याला आयपी हाताने दिलेला आहे ते यंत्र या यादीत सापडणार नाही. जुने प्रिंटर, कॅमेरे आणि हजेरीची यंत्रे नेमकी याच वर्गातली असतात.

तिथे प्रत्येक आयपीला विचारत जावे लागते. नेहमीच्या लहान नेटवर्कात २५४ पत्ते असतात. एनमॅपसारखा प्रोग्रॅम सर्वांना एआरपीने विचारतो आणि काही सेकंदांत उत्तरे गोळा करतो. आपण ती उलटी वाचायची, मॅकवरून आयपीकडे. अनेकजण इथे फक्त पिंग करून पाहतात आणि उत्तर आले नाही की यंत्र बंद आहे असे धरतात. पण यंत्र चालू असूनही फायरवॉल पुष्कळदा पिंग गिळून टाकते. एआरपीला मात्र सहसा उत्तर द्यावेच लागते, कारण ते दिले नाही तर यंत्राला आपल्या नेटवर्कात कोणाशी बोलताच येणार नाही. म्हणून पिंग अयशस्वी झाल्यावर लगेच ‘एआरपी -ए’ हा आदेश देऊन तक्ता पाहावा. पिंगला उत्तर न दिलेल्या यंत्राचा मॅक तिथे पुष्कळदा हजर असतो.

यंत्राला अजून आयपीच मिळालेला नसेल तर शोधण्यासारखे काही उरत नाही, तो द्यावा लागतो. ॲक्सिस कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत त्यासाठी एक देखणी सोय होती: संगणकाच्या एआरपी तक्त्यात त्या मॅकसमोर हवा तो आयपी हाताने लिहायचा आणि त्या आयपीला ४०८ बाईटांचा पिंग पाठवायचा. आपल्या मॅकवर आलेला तो पिंग पाहून कॅमेरा तोच आयपी स्वतःचा म्हणून स्वीकारायचा.

नोंद सापडली तरी तिचे वय पाहिले पाहिजे. स्विच कोणत्या पोर्टावर कोणता मॅक आहे हे सहसा ३०० सेकंद लक्षात ठेवतो. सिस्कोच्या राउटरमधली एआरपी नोंद, बदल केला नसेल तर, ४ तास टिकते. त्यामुळे काढून नेलेले यंत्रही काही काळ जिवंत दिसते. शिवाय एआरपीत खरेखोटे पडताळण्याची सोय नाही. जो जे सांगेल ते लिहिले जाते, आणि खोटी उत्तरे पाठवून दुसऱ्याची रहदारी आपल्याकडे वळवता येते. एकाच आयपीसमोर दोन मॅक आळीपाळीने दिसू लागले तर आधी कोणीतरी चुकून तोच पत्ता दिला आहे का ते पाहावे, मग या शंकेकडे वळावे.

चोरीला गेलेल्या लॅपटॉपच्या खोक्यावरचा मॅक घेऊन लोक मोठ्या आशेने विचारतात, यावरून तो आता कुठे आहे ते कळेल का? दुर्दैवाने इंटरनेटवरून असे शोधता येत नाही. पाकीट राउटरमधून पुढे जाते तेव्हा जुना मॅक काढून राउटर स्वतःचा लावतो. दूरच्या सर्व्हरपर्यंत मूळ मॅक पोचतच नाही. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत एकेकाळी तो पोचत असे. तिथे मॅकच्या मधोमध एफएफ-एफई घालून आणि एक बिट उलटे करून पत्त्याचा अर्धा भाग बनवला जाई, म्हणजे मॅकवरून आयपी खरोखर काढता येई. त्यातून माणसाचा माग काढता येतो हे लक्षात आल्यावर २००१ मध्ये तात्पुरत्या, यादृच्छिक पत्त्यांची रीत आली. मोबाइलने पुढे मॅकच लपवायला घेतला: २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक दाखवतो. मॅकचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यात दिलेला नाही असे समजावे. असा मॅक फोनच्या खोक्यावर शोधण्यात वेळ घालवू नये.

ज्यांना प्रिंटर आणि कॅमेरे वारंवार शोधावे लागतात त्यांनी डीएचसीपी सर्व्हरमध्ये त्या मॅकसाठी एक आयपी कायमचा राखून ठेवावा आणि यंत्रावर हाताने दिलेला आयपी काढून टाकावा. फोन किंवा टॅब्लेटसाठी हेच करायचे असेल तर त्या वायफायपुरता खासगी मॅक आधी बंद करावा लागतो.