बेसबॉल संघाची पुनर्बांधणी : ह्यूस्टन आणि आर्लिंग्टन

मोडकळीस आलेला बेसबॉल संघ पुन्हा उभारण्याचे दोन मार्ग अमेरिकेत रूढ आहेत. एक, ड्राफ्टमधून निवडलेले किंवा परदेशातून किशोरवयात करारबद्ध केलेले खेळाडू दुय्यम लीगमध्ये घडवणे. दुसरा, करारमुक्त झालेले नामवंत खेळाडू, म्हणजेच ‘फ्री एजंट’, मोठ्या रकमा मोजून आणणे.

दुसरा मार्ग पूर्वी बंदच होता. करारातील ‘रिझर्व्ह क्लॉज’मुळे खेळाडू एकाच संघाशी बांधलेला असे, संघाने विकले तरच तो हले. कर्ट फ्लडने १९६९ मध्ये अशी बदली नाकारली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पण १९७५ च्या अखेरीस लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने ही बेडी तुटली. आज मेजर लीगमधील सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा होतो. तोपर्यंत तो संघाला तुलनेने स्वस्तात मिळतो आणि ‘घरच्या’ खेळाडूंचे सारे आकर्षण या सहा वर्षांत आहे. आयपीएलमध्ये ठरावीक काळाने होणाऱ्या महालिलावामुळे एवढी दीर्घ हमी संघांना मिळत नाही.

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने पहिला मार्ग टोकाला नेला. २०११ ते २०१३ या तीन हंगामांत संघ अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरला. तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळे. २०१२ मध्ये कार्लोस कोरेआ त्यातूनच आला. होजे अल्तुवेला तर २००७ मध्ये व्हेनेझुएलातून अवघ्या १५ हजार डॉलरमध्ये करारबद्ध केले होते. २०१७ मध्ये संघ प्रथमच विजेता ठरला. मात्र त्या वर्षी जस्टिन व्हरलँडरला आणण्यासाठी घडवलेले तरुण खेळाडूच डेट्रॉइटला द्यावे लागले. पुढे त्याच विजेतेपदाला खुणा चोरल्याचा डाग लागला, आणि २०२० मध्ये शिक्षा झाली तीही नेमकी मर्मावर: दंडाबरोबर दोन वर्षांच्या ड्राफ्टमधील पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी गेल्या.

त्याच राज्यातील आर्लिंग्टनच्या टेक्सास रेंजर्सनी २०२१ मध्ये १०२ सामने गमावताच तिजोरी उघडली. कोरी सीगरला दहा वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर, मार्कस सीमियनला सात वर्षांसाठी १७.५ कोटी. तरीही पुढच्या हंगामात ९४ पराभव झालेच. मग १८.५ कोटींना आणलेला जेकब डिग्रॉम २०२३ मध्ये सहा सामन्यांनंतर कोपराच्या दुखापतीने बाहेर गेला. पैसा फुकट जाणे म्हणतात ते असे, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात त्याच वर्षी रेंजर्सनी ह्यूस्टनला सात सामन्यांच्या मालिकेत नमवून आपले पहिले जगज्जेतेपद मिळवले. अंतिम मालिकेचा मानकरी सीगर होता. पण त्याच्या शेजारी खेळणारे जॉश यंग आणि इव्हान कार्टर हे रेंजर्सच्याच ड्राफ्टमधून आले होते.

हरण्याची किंमत खेळाडूंपेक्षा तिकीट काढणारा प्रेक्षक अधिक मोजतो. तीन-तीन वर्षे पराभव पाहायला लावणाऱ्या योजनांना आळा बसावा म्हणून २०२३ पासून ड्राफ्टमधील पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरू लागल्या. ह्यूस्टनच्या घरच्या खेळाडूंपैकी जॉर्ज स्प्रिंगर २०२१ मध्ये टोरांटोला गेला, कोरेआ २०२२ मध्ये मिनेसोटाला. अल्तुवे राहिला.